पायाची सूज, पोटरीचे दुखणे आणि हृदय

गेल्या दिवाळीत पाडव्याला आम्ही सगळे आमच्या थोरल्या बंधूंकडे, म्हणजे दादांकडे जमलो होतो. नात वाकून नमस्कार करायला गेली आणि तिथेच थबकली. "आजोबा, तुमच्या पायात माझं बोट रुतलं," असे म्हणाली. पाहिले तर पावलावर बोटाएवढा खळगा पडला होता आणि तो बराच वेळ भरून आला नाही. दादांचे वय ७४. दोन महिन्यांपासून त्यांच्या चपलेचा पट्टा तंग होत होता, म्हणून त्यांनी एक नंबर मोठी चप्पल आणली होती. नव्या चपलेचे कौतुक आम्ही सगळ्यांनी केले होते. पाय कोणीच पाहिले नव्हते.

पुढचे सांगताना संकोच होतो. दादा ब्लडप्रेशरसाठी ॲम्लोडिपिन घेत होते. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांपैकी एकाने सांगितले की या गोळीने पायाला सूज येते. ते खरेच आहे. पण त्यावरून "मग काही दिवस बंद करून बघा" असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. दादांनी गोळी बंद केली. नवव्या रात्री दोनच्या सुमारास ते धाप लागून उठून बसले, आडवे होता येईना, घामाने कपडे भिजले. दवाखान्यात नेल्यावर कळले की प्रेशर खूप चढले आहे आणि फुप्फुसांत पाणी झाले आहे. चार दिवस आयसीयू. आता ते बरे आहेत, पण ३४ वर्षे बँकेत काढून अर्धे कागद बघून कर्ज मंजूर करावे तसे आम्ही वागलो, हे मनातून जात नाही.

त्यानंतर दादांच्या डॉक्टरांना विचारून आणि जमेल तितके वाचून जे समजले, ते सभासदांसाठी इथे मांडत आहोत. आम्ही बी.कॉम., डॉक्टर नव्हे. तेव्हा यावरून औषध ठरवू नये आणि बंद तर मुळीच करू नये. डॉक्टरांकडे केव्हा जायचे आणि काय सांगायचे, एवढ्यासाठी हा लेख.

सूज कशी येते

हृदय म्हणजे पंप. तो अशक्त झाला किंवा ताठर झाला की पुढे रक्त कमी ढकलले जाते आणि मागे, म्हणजे परत येणाऱ्या शिरांमध्ये, दाब वाढतो. तिकडे मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते. त्यांना वाटते शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. हे जास्तीचे पाणी शिरांतून झिरपून आजूबाजूच्या मांसात साठते. उभ्या आणि बसलेल्या माणसाचे पाय सर्वांत खाली, म्हणून पाणी आधी तिथे उतरते. जो रुग्ण अंथरुणावर पडून असतो त्याच्या पायाला सूज नसेल, पण कमरेखाली मागच्या बाजूला असते. तिथे कोणी बघत नाही.

पायाला सूज दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन लिटर पाणी आधीच साठलेले असते. म्हणून डोळ्यांपेक्षा वजनकाटा लवकर सांगतो. हृदयाच्या रुग्णांसाठी एक सोपा नियम आहे: तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढले तर डॉक्टरांना फोन करायचा. इतक्या झपाट्याने चरबी वाढत नाही, ते पाणीच असते. दादांचे वजन दिवाळीआधी चार किलो वाढले होते. फराळाच्या नावावर खपले.

घरी तपासायचे तर घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरावा आणि काढावा. खळगा राहिला तर ते पाणी. हृदयाची सूज बहुतेक वेळा दोन्ही पायांना असते, संध्याकाळी वाढते, सकाळी कमी होते आणि हळूहळू वर चढते. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वण, बायकांच्या पायातली जोडवी एकाएकी न निघणे, पैंजण रुतणे, या सगळ्याचा अर्थ तोच असू शकतो. आमच्या वहिनी म्हणतात, जोडवी घट्ट झाली की आम्ही साबण लावून काढतो आणि मोठी करून आणतो, पाय का सुजला हे कोण विचारतो.

नुसत्या सुजेपेक्षा तिच्याबरोबर काय आहे ते महत्त्वाचे. जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो का? आडवे पडल्यावर श्वास कोंडतो आणि उशा वाढवाव्या लागतात का? रात्री झोपेतून गुदमरून जाग येते का? आडवे झाल्यावर कोरडा खोकला येतो का? पोट जड, भूक कमी, दिवसभर थकवा? दादा दोन महिने तीन उशांवर झोपत होते आणि त्याला आम्ही सगळे ॲसिडिटी म्हणत होतो. सूज आणि उशा हे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत आहेत, हे कोणी जोडून पाहिले नाही. तीन उशांची गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हते.

सुजेवरून हृदय ओळखणे जुने आहे. आयुर्वेदात सुजेला शोथ म्हणतात आणि चरकसंहितेत तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरांनी १७८५ साली एक पुस्तक छापले. अंगावर पाणी चढलेल्या रुग्णांना फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांनी कसा गुण येतो आणि मात्रा चुकली तर विष कसे होते, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींसह लिहिले. आज हृदयाच्या काही रुग्णांना दिली जाणारी डिगॉक्सिनची गोळी त्याच जातीच्या झाडापासून आलेली आहे. तिची मात्रा आजही तितकीच सांभाळावी लागते.

प्रत्येक सूज हृदयाची नव्हे

हे वाचून घरोघरी पाय दाबत बसू नये. मे महिन्याच्या उन्हाळ्यात, किंवा इंदूर-पुणे रात्रभराचा बसप्रवास केल्यावर घोटे थोडे सुजतात आणि झोप झाली की उतरतात. त्यात विशेष काही नाही. मूत्रपिंडाच्या विकारात बऱ्याचदा सकाळी डोळ्यांखालीही सूज दिसते आणि लघवीला फेस येतो. यकृताच्या विकारात पोटात पाणी साठते. थायरॉइड मंद असेल तर पाय जाड दिसतात पण दाबून खळगा पडत नाही. रक्त फार कमी असणे, शरीरातली प्रथिने घटणे, पायातल्या शिरा फुगून निकामी होणे, हीही कारणे आहेत. उभ्याने काम करणाऱ्या शिक्षकांना आणि तासन्‌तास ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या गृहिणींना शिरांचा त्रास अधिक होतो. तिथे घोट्याजवळची कातडी तपकिरी पडते आणि खाज येते. बायपास झालेल्यांच्या ज्या पायातून शीर काढलेली असते तो पाय पुढेही थोडा सुजलेला राहू शकतो.

एकच पाय सुजला तर मात्र गोष्ट वेगळी. पोटरी दुखते, गरम लागते आणि सूज एका दिवसात आली असेल तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानंतर हे होते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा पायाला मालिश करू नये. तेल गरम करून रगडणे हा आपल्याकडचा पहिला उपाय असतो, म्हणून मुद्दाम लिहिले. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता गोळ्यांविषयी, कारण आमची चूक तिथेच झाली. ॲम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी झिरपते. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमच्या गोळीने हे जास्त होते. या सुजेत हृदयाचा दोष नसतो आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात, जोडीला टेल्मिसार्टनसारखे औषध देतात किंवा गोळीच बदलतात. यांपैकी काय करायचे ते त्यांनी ठरवायचे. दादांच्या पायाला काही सूज गोळीची असेलही, पण दम आणि वाढलेले वजन गोळीचे नव्हते. गोळी काढल्यावर प्रेशर उसळले आणि थकलेल्या पंपाला ते पेलले नाही.

सूज आणणारी आणखीही औषधे आहेत. गुडघेदुखीसाठी आपण दुकानातून परस्पर आणतो त्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, इटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. अशक्त हृदयाला त्या सरळ घातक आहेत. मधुमेहावरची पायोग्लिटाझोन हृदय अशक्त असलेल्यांना देत नाहीत. नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबॅलिनही काहींना सूज आणते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, गुडघ्याची आणि डोकेदुखीचीसुद्धा.

चालताना दुखणारी पोटरी

सूज हा पंपाचा निरोप. दुसरा निरोप नळांचा असतो. हृदयाच्या धमन्यांत चरबीचा थर बसतो तसाच तो पायाच्या धमन्यांतही बसतो. माणूस एकच, रक्त एकच, त्यामुळे पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांकडेही बघावे लागते. पायाचा हा आजार असलेल्यांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका जास्त असतो. ही गोष्ट आम्हाला सर्वांत नवी होती. पाय दुखतो म्हणून आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथेच थांबतो.

लक्षण ठरावीक असते. ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळून येते, कधी मांडी किंवा कुल्ला दुखतो. थांबले की काही मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत, बरे वाटते. पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा तेच. जर्मन भाषेत या आजाराला दुकानांच्या काचेचा आजार अशा अर्थाचे नाव आहे, कारण माणूस दर थोड्या अंतरावर दुकान बघण्याचे निमित्त करून उभा राहतो. आमच्या बागेतले एक स्नेही दर चक्कर झाली की बुटाची नाडी बांधायला वाकत. वर्षभर आम्ही त्यांच्या नाडीची थट्टा केली.

मणक्यातली नस दबल्यानेही चालताना पाय दुखतात. फरक असा की मणक्याचे दुखणे नुसते उभे राहून जात नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. धमनीचे दुखणे उभ्या उभ्या थांबते. रात्री झोपेत पोटरीला गोळा येतो, तो बहुतेक वेळा यातला नसतो. पण रात्री पाऊल आणि बोटे ठणकतात आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटते, हे मात्र आजार बराच पुढे गेल्याचे चिन्ह आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा थंड, कातडी गुळगुळीत आणि चकचकीत, नडगीवरचे केस गेलेले, नखे जाड, आणि बोटावरची किंवा टाचेवरची जखम दोन-तीन आठवडे भरत नाही, हीही चिन्हे. थंडीत दोन्ही पाय गार पडतात ते वेगळे. इंदूरच्या जानेवारीत कोणाचे पाय गार नसतात?

मधुमेह असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. साखरेने नसा बधिर झाल्या की पोटरी दुखतच नाही आणि जखम झालेलीही कळत नाही. पायांची आग आणि मुंग्या हा बहुधा नसांचा त्रास असतो. त्यामागे साखर असते किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. आग होते म्हणजे हृदय बिघडले असे नाही. पण ज्याच्या नसा बधिर त्याच्या धमन्याही तपासून घ्याव्यात, कारण दोन्हीच्या मुळाशी तीच साखर आहे.

तपासणी अगदी साधी आहे. दंडाचे प्रेशर घेतात आणि घोट्याचे घेतात, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. दंडाचे १४० आणि घोट्याचे ९८ असेल तर भागाकार ०.७. एक ते १.४ ठीक. ०.९ किंवा त्याहून कमी असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे धरतात. १.४ च्या वर गेले तर आनंद मानू नये, धमन्या चुन्यासारख्या कडक झाल्या आहेत असा त्याचा अर्थ. जुन्या मधुमेहात असे होते आणि मग पायाच्या अंगठ्याचे प्रेशर घ्यावे लागते. सुई नाही, उपाशी राहणे नाही. त्याआधी डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी बोटांनी बघतात. तपासताना तुमचे मोजे काढायला सांगितले नाहीत तर तुम्हीच काढा. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून घरी सापडली नाही तरी घाबरू नये.

यावरचा पहिला उपाय तंबाखू सोडणे. सिगारेट, बिडी, गुटखा, मशेरी, सगळे त्यात आले. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टर ठरवतात. आणि चालायचे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे, असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. बहुतेकांचे न दुखता चालण्याचे अंतर वाढते. आमचे नाडीवाले स्नेही आता न वाकता दोन चकरा मारतात. अर्थात हे हृदय तपासून घेतल्यावर आणि पायाला जखम नसेल तरच.

तरुण वयात, पन्नाशीच्या आत, तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्या माणसाची बोटे काळी पडू लागली तर तो बहुधा वेगळा आजार असतो. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो चरबीने होत नाही, तंबाखूने होतो, आणि तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय थांबत नाही.

घड्याळ बघण्याची वेळ

एखादा पाय अचानक पांढरा पडला, बर्फासारखा गार झाला, असह्य दुखू लागला, बधिर झाला किंवा हलेना, तर धमनी एकदम बंद झाली आहे. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले नाही तर पाय वाचणे कठीण होते. बऱ्याचदा याचे मूळ हृदयातच असते. ठोके अनियमित पडत असतील तर हृदयात गुठळी तयार होते आणि निघून पायाच्या धमनीत अडकते. मेंदूत गेली तर पक्षाघात. शेक देऊ नये, उद्या सकाळची वाट पाहू नये. आणि सुजेबरोबर आडवे होता न येणारी धाप, छातीत दुखणे किंवा चक्कर असेल तर त्याच क्षणी रुग्णालय. १०८ क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असावा.

टाचेमागच्या दोरीसारख्या जाड स्नायुबंधावर न दुखणाऱ्या गाठी असतील, तो जाड वाटत असेल आणि घरात कोणाला लहान वयात झटका आला असेल, तर कोलेस्टेरॉल तपासावे. घराण्यात चालत येणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या आजारात अशा गाठी होतात, आणि मग मुला-नातवंडांचेही तपासावे लागते.

तपासण्या, मीठ आणि वही

सुजेसाठी डॉक्टर साधारण ईसीजी, इको, रक्तातले हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, थायरॉइड, प्रथिने आणि लघवी तपासतात. बीएनपी नावाची एक रक्ततपासणी असते, हृदयावर ताण असेल तर तिचा आकडा चढतो. इकोमध्ये पंपाची ताकद टक्क्यांत येते, साधारण ५५ च्या वर चांगली मानतात. दादांची ३५ आली. पण आकडा चांगला असूनही हृदय ताठर असल्याने पाणी साठते, असेही होते. वयस्कर आणि जुने ब्लडप्रेशर असलेल्या बायकांत हे बरेच आढळते. तेव्हा "इको नॉर्मल आहे" एवढ्यावर दम लागण्याची तक्रार बंद करू नये.

मिठाचे काय? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी, वरण, पोळी, लोणचे, पापड सगळे आले. आपण इंदूरकर पोह्यावर शेव, कचोरीवर शेव, वर जेवणातही शेव घेणारे. दादांचे वरचे मीठ बंद केले तेव्हा ते म्हणाले, "मी वरून मीठ घेतोच कुठे?" वहिनींनी शेवेचा डबा समोर ठेवला. सैंधवाने काही फरक पडत नाही, तेही मीठच. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

दादांसाठी आम्ही एक वही केली आहे. रकाने पाच: तारीख, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाआधीचे वजन, ब्लडप्रेशर, सूज कुठपर्यंत (घोटा, पोटरी की गुडघा), आणि रात्री किती उशा. लिहायला दोन मिनिटे लागतात. जानेवारीत एकदा तीन दिवसांत अडीच किलो चढलेले दिसले, संक्रांतीच्या आठवड्यातली गोष्ट, पाहुण्यांबरोबर नमकीन झाले होते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पाण्याच्या गोळीची मात्रा चार दिवस वाढवली आणि वजन उतरले. दवाखान्यात राहावे लागले नाही. त्या वहीच्या पानाचा कोरा नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी झेरॉक्स करून न्यावा.